अर्धपोटी बॅटऱ्या

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या एका मित्राचे सहाशे पौंड पाण्यात घालवले. आता तो राहतोच पाण्यावर, त्यामुळे हे वाक्य जवळजवळ शब्दशः खरं आहे.

हा मित्र माझ्याच टीममध्ये काम करतो आणि सत्तावन्न फुटी नॅरोबोटवर राहतो. इंग्लंडात अठराव्या शतकात माल वाहायला कालव्यांचं जाळं विणलं गेलं. त्यातले बरेचसे लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून बोटीही तेवढ्याच रुंद आणि सत्तर-बाहत्तर फुटांपर्यंत लांब. मुंबईच्या चाळीतल्या खोलीला उभं चिरून नळीसारखं लांबवलं तर जे होईल ते. लंडनचं भाडं परवडेना म्हणून त्याने ही घेतली. पण बोट बांधायला कायमची जागा घ्यायची तर तिचंही भाडं आलंच, तेव्हा तो फिरता राहतो. १९९५ च्या कायद्यानुसार अशा बोटीला एका जागी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दर पंधरवड्याला बिऱ्हाड पुढे. आणि फिरत्या बिऱ्हाडाला भिंतीतला प्लग नसतो. फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप, राउटर, लॅपटॉप, सगळं बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांवर.

त्या बॅटऱ्या मेल्या तेव्हा तो माझ्याकडे आला. का, तर "तुमच्याकडे घरोघरी असतात ना?"

असतात की! २००५ नंतरची ती लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी महाराष्ट्रात काढली आहेत, त्यांना बॅटरी म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आमच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी होती आणि दर दोन महिन्यांनी बाबा तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे, तुळशीला घालावं तितक्या नेमाने. ती सहा वर्षं टिकली. त्या अनुभवाच्या जोरावर मी एकदम तज्ज्ञ झालो. मित्राचा रोजचा खर्च मोजला: साधारण १०० अँपिअर-अवर, म्हणजे १.२ युनिट. (पुण्यात एसी तासभर चालला की एवढी वीज जाते. इथे त्यात माणसाचा अख्खा दिवस.) त्याच्याकडे ११० च्या चार होत्या. मी म्हटलं, कमी पडतात, सहा घे. त्याने घेतल्या.

मार्च उजाडेपर्यंत सहाही गेल्या. आधीच्या चार निदान दोन वर्षं तरी चालल्या होत्या.

आता मला वाईट वाटणं साहजिक होतं, पण त्याहून जास्त मला ते कळत नव्हतं. क्षमता वाढवल्यावर आयुष्य कमी कसं होतं? सर्व्हर वाढवल्यावर साइट आणखी लवकर पडावी तसं झालं हे. मग पुढचे काही शनिवार-रविवार मी बॅटरीचा इतिहास वाचत बसलो आणि लक्षात आलं, की मी पहिल्यापासून चुकीचा प्रश्न विचारत होतो. बॅटरीत किती मावतं हे मी बघत होतो. ती भरणार कोण, कधी आणि कशाने, हे मी विचारलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे १८५९ सालापासून खरी अडचण तीच आहे.

१८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत अशी त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी ती हीच. पुढच्या वर्षी त्याने अशा नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. उत्तम. फक्त ती भरायची कशाने? व्यवहारात चालेल असा डायनॅमो तेव्हा नव्हता, ग्रामचं यंत्र यायला १८७१ उजाडलं. तोवर प्लाँतेची बॅटरी भरायला दुसऱ्या बॅटऱ्या लागत, एकदा संपल्या की फेकायच्या अशा. म्हणजे घागर भरायला बिसलेरीच्या बाटल्या ओतायच्या. बारा वर्षं हा शोध प्रयोगशाळेतलं नवल म्हणून पडून राहिला.

१८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शेंदूर, हो, शिशाचा तोच लाल शेंदूर, लेपून क्षमता एकदम वाढवली. त्या मे महिन्यात पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे एक पेटी आली. साधारण एक घनफूट आकाराची, आत फोरचे भरलेले सेल. दहा लाख फूट-पौंड ऊर्जा पेटीत बसून समुद्र ओलांडून आली होती. 'टाइम्स'मध्ये पत्रं छापून आली आणि लोक थक्क झाले. मी हिशोब केला: दहा लाख फूट-पौंड म्हणजे ०.३८ युनिट. माझ्या मित्राला दिवसाला अशा तीन पेट्या लागतात, आणि त्यात तो टीव्हीसुद्धा बघत नाही.

थॉमसन भारावले असले तरी सगळेच भारावले नव्हते. १८८३ मध्ये एडिसनने, असल्या बॅटऱ्या म्हणजे भागधारकांना गंडवायचं साधन आहे, असं जाहीर सांगितलं. पुढे त्याच एडिसनने शिशाला पर्याय म्हणून निकेल-लोखंडाच्या बॅटरीपायी दहाएक वर्षं घालवली. असो.

बोटीत बॅटरी घालायला लोकांनी फार वाट पाहिली नाही. सप्टेंबर १८८२ मध्ये थेम्स नदीवर 'इलेक्ट्रिसिटी' नावाची लोखंडी लाँच ४५ सेल घेऊन मिलवॉलहून लंडन ब्रिजकडे गेली. सिल्व्हेनस थॉम्पसन हे भौतिकीचे प्राध्यापक तीत बसले होते. धूर नाही, वाफ नाही, खडखड नाही. त्या दशकाच्या अखेरीस इमिश या कंपनीने थेम्सवर भाड्याच्या विजेच्या लाँच काढल्या आणि, हे महत्त्वाचं, त्यांच्यासोबत नदीकाठी आणि तराफ्यांवर चार्जिंगची ठिकाणंही उभी केली. दिवसभर साहेबलोकांना फिरवायचं आणि मग ठरल्या जागी येऊन पोटभर चार्ज व्हायचं. आज आपण इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरसाठी जी ओरड करतो, ती त्यांनी आधीच ओळखली होती.

पण मला सगळ्यात आवडलं ते हेअरकॅसलचं उदाहरण.

स्टॅफर्डशायरमध्ये ट्रेंट अँड मर्सी कालवा एका डोंगराखालून जातो. जेम्स ब्रिंडलीने १७६६ मध्ये तिथे बोगदा खणायला घेतला. तो पुरा झाला १७७७ मध्ये, ब्रिंडली वारल्यावर पाच वर्षांनी. बोगदा इतका अरुंद की घोड्याला वाट नाही. घोडा डोंगरावरून जायचा आणि आतमध्ये माणसं बोटीवर उताणी झोपून पायांनी भिंती ढकलत बोट पुढे न्यायची. अडीच किलोमीटरहून जास्त अंतर, अंधारात, दोन-तीन तास. पुढे टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा काढला, तो १८२७ मध्ये खुला झाला. नंतर इंजिनाच्या बोटी आल्या आणि धुराने आत जीव घुसमटायला लागला. तेव्हा १९१४ मध्ये तिथे विजेचा टग आणला. तळाशी टाकलेल्या पोलादी दोराला धरून तो स्वतःला ओढत जायचा, मागे बोटींची माळ. आणि त्याच्या बॅटऱ्या? त्या एका वेगळ्या बोटीत! टगला पॉवर बँक जोडावी तशी. पुढे बॅटऱ्यांची ती बोट गेली आणि वरून तार आली. टग मात्र १९५४ पर्यंत चालला.

शिशाच्या बॅटरीला याहून चांगली नोकरी मिळणार नाही. ठरलेला रस्ता, ठरलेलं ओझं, आणि फेरी संपली की काठावर हक्काची वीज. म्हणजेच आमच्या जिन्याखालची नोकरी. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांची बॅटरी सहा वर्षं टिकली त्यात डिस्टिल्ड वॉटरचा वाटा होताच, पण खरा वाटा होता महावितरणचा! लाइट चार-सहा तास जायची आणि मग यायची. आली की उरलेला अख्खा दिवस चार्जर तिला निवांत भरत बसायचा. लोडशेडिंगचं वेळापत्रक बॅटरीच्या प्रकृतीला मानवणारं होतं. (महावितरणबद्दल चांगलं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.)

मित्राच्या बोटीवर लाइट येतच नव्हती.

थोडं रसायनशास्त्र सोसा. शिशाची बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक धरतात. भरताना ते परत विरघळतात. पण ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर मोठे आणि कठीण होत जातात, किटलीतल्या क्षारासारखे, आणि मग विरघळायला तयार होत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा गेला. आता भरणं कसं होतं बघा. ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर वीज घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना मात्र ती वेळ लावते, चार तास, कधी जास्त. तुम्ही कितीही मोठा अल्टरनेटर लावा, ती आपल्याच चालीने घेणार. सकाळच्या लोकलमध्ये पहिले दोनशे लोक सेकंदात चढतात, शेवटचे वीस दारात लटकतात, तसं.

मित्र रोज दोन तास इंजिन चालवायचा. त्याहून जास्त चालवलं तर डिझेल जातं आणि शेजारची बोट वैतागते. रात्री आठ ते सकाळी आठ तर चार्जिंगसाठी इंजिन लावायचंच नाही असा नियम आहे. छतावर सोलर पॅनल आहे, पण इंग्लंडातलं डिसेंबरचं ऊन म्हणजे आडवं ठेवलेल्या पॅनलला जूनच्या जेमतेम दहावा हिस्सा. थोडक्यात, ऑक्टोबर ते मार्च त्याच्या बॅटऱ्या एकदाही पूर्ण भरल्या नाहीत. रोज १०० काढायचे आणि ८५-९० परत घालायचे. बॅटऱ्या उपाशी नव्हत्या, अर्धपोटी होत्या, आणि कायम अर्धपोटी राहिल्यानेही शिशाचं मोठं नुकसान होतं.

मग माझ्या सहा बॅटऱ्या चारांपेक्षा लवकर का गेल्या? चार होत्या तेव्हा तूट आठ-दहा दिवसांत दिसायची. दिवे मंद व्हायचे, फ्रीज कुरकुरायचा, मग तो वैतागून एखाद्या मरीनात रात्रभर प्लग लावायचा. म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा पोटभर जेवण. सहा झाल्यावर टाकी मोठी झाली, गळती दिसेनाशी झाली. तो खूश, मी खूश. तो मला व्होल्टमीटरचे फोटो पाठवायचा, १३.१, १३.२. पण ते आकडे सोलर चालू असतानाचे! निवांत पडलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ दाखवते आणि अर्धी १२.२, आणि हा आकडा चार्जिंग बंद करून काही तास थांबल्यावरच घ्यायचा. हे मला माहीत नव्हतं. मॉनिटरिंग चुकीच्या जागी लावून डॅशबोर्ड हिरवा आहे म्हणून झोपी जाणारे लोक मी ऑफिसात पाहिले आहेत. त्यातलाच मी एक.

त्यात भर म्हणजे लेबलवरचे आकडे. विल्हेल्म पॉयकर्ट याने १८९७ मध्येच दाखवून दिलं होतं, की शिशाच्या बॅटरीतून जितक्या जोरात वीज काढाल तितकी एकूण कमी मिळते. डब्यावर ११० लिहिलंय ते वीस तासांत हळूहळू, साडेपाच अँपिअरने काढली तर. इन्व्हर्टर लावून किटली चालवलीत तर ते ११० विसरा. शिवाय आयुष्य हवं असेल तर निम्म्याखाली जायचं नाही. म्हणजे खरे वापरायचे पन्नास-पंचावन्न. आणि 'लेझर बॅटरी' हे नाव? तो तांत्रिक शब्दच नाही, फावल्या वेळात कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांच्या बाजारातून आलाय. त्या नावाखाली खऱ्या जाड प्लेटांच्या बॅटऱ्याही विकतात आणि गाडीच्या स्टार्टर बॅटरीला कडी लावूनही विकतात. इंग्लंडच्या कॅरॅव्हॅन संघटनेने म्हणूनच ए, बी, सी अशी प्रतवारी सुरू केली. ओळखायची माझी गावठी पद्धत: दोन सारख्या आकड्यांच्या बॅटऱ्या उचलून बघा. जी हलकी, तिच्यात शिसं कमी.

तर मग या वेळी काय घ्यायचं? पर्याय समोर मांडले. गोल्फच्या गाड्यांमध्ये असतात तशा सहा व्होल्टच्या जाड प्लेटांच्या बॅटऱ्या: दणकट, मार सोसणाऱ्या, पण पाणी घालावं लागतं आणि पोटभर भरणं त्यांनाही हवंच. एजीएम आणि जेल: सांडत नाहीत, पाणी नको, पण आत शेवटी शिसंच. प्लाँतेचेच वंशज, सुधारलेल्या कपड्यांत. या सगळ्यांची अट एकच आणि ती अट मित्र पाळू शकत नव्हता.

उरलं लिथियम आयर्न फॉस्फेट. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. पहिली दोन नावं भारतीय, तिसरे जॉन गुडइनफ, जे तेव्हा पंचाहत्तरीचे होते आणि ज्यांना २०१९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, नोबेल मिळालं. लोखंड आणि फॉस्फेट, दोन्ही स्वस्त, कोबाल्ट नाही, आणि फोनमधल्या लिथियमपेक्षा तापल्यावर खूप शांत. सुरुवातीला या पदार्थातून वीज नीट वाहतच नव्हती, कार्बनचा लेप आणि बारीक कण ही युक्ती नंतर सापडली. पण आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण वेगळाच. ती अर्धपोटी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही! चाळीस टक्क्यांवर महिनाभर ठेवा, खुशाल राहते. उलट सतत काठोकाठ भरून ठेवणंच तिला मानवत नाही. आणि जवळजवळ शेवटपर्यंत भराभर वीज घेते. दोन तासांचं इंजिन तिला पुरतं.

मग घ्या आणि बसवा? तसं नाही. (इथे मी यावेळी आधी वाचलं आणि मग बोललो.) लिथियम मिळेल तेवढी वीज ओरपते. साधा अल्टरनेटर बिचारा मंद गतीवर तासभर पूर्ण जोर लावत राहतो, त्याचा पंखा मात्र हळू फिरत असतो, आणि तो जळतो. दुसरं, आतल्या संरक्षक सर्किटने अचानक संबंध तोडला तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. तिसरं, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आत लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची बिघडते. मित्राच्या जुन्या बॅटऱ्या मागच्या उघड्या इंजिन-खणात होत्या, जिथे जानेवारीत बर्फ धरतो. आणि विमा कंपनीला कळवायचं ते वेगळंच.

शेवटी ठरलं ते असं: २०० अँपिअर-अवर लिथियम, म्हणजे लेबलवर माझ्या ६६० च्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. ती आत, पलंगाखाली, स्टोव्हच्या उबेत. अल्टरनेटर थेट तिला जोडायचा नाही, तो इंजिनाच्या शिशाच्या स्टार्टर बॅटरीलाच जोडलेला राहील आणि तिथून डीसी-टू-डीसी चार्जर मोजून ३० अँपिअर लिथियमला देईल. रोजच्या दोन तासांत साठ. उरलेले चाळीस? त्यासाठी पॅनल वाढवलं, आणि सप्टेंबरनंतर इंजिन तासभर जास्त चालवायचं त्याने कबूल केलं. खर्च माझ्या सहा बॅटऱ्यांच्या दुपटीच्या आसपास गेला. मी निम्मे देऊ केले. तो नको म्हणाला, पण बसवायला दोन दिवस ये म्हणाला.

त्याला मी हेही सांगितलं, की तू मरीनात जागा घेऊन प्लग लावून राहिला असतास किंवा फक्त उन्हाळ्यात बोट काढणारा असतास, तर मी आजही शिसंच घे म्हटलं असतं. स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि हेअरकॅसलच्या टगसारखी नोकरी असेल तर विश्वासू.

बसवायच्या दिवशी सकाळी आम्ही त्या सहा मेलेल्या बॅटऱ्या बाहेर काढल्या. प्रत्येकी पंचवीसेक किलो. हातगाड्यावर दोन-दोन घालून काठाच्या पायवाटेने पुलापर्यंत तीन फेऱ्या, जिथे पूर्वी घोडे चालायचे त्याच वाटेने. भंगारवाल्याने वजन केलं आणि किलोच्या भावाने पैसे मोजले. शिशाला मेल्यावरही भाव असतो, ते वितळवून परत बॅटऱ्याच होतात. ते पैसे मित्राने माझ्या हातावर ठेवले. "कन्सल्टिंग फी."

परत आल्यावर त्याने इंजिनाची किल्ली फिरवली. ते चालू झालं ते अर्थात इंजिनाच्या जुन्या, शिशाच्या बॅटरीवर. ती आठ वर्षांची आहे. रोज दोन सेकंद काम, मग दोन तास भरपेट जेवण.